ब्रेट हार्टच्या मॅचेसचा डीव्हीडी सेट (2005)

'ब्रेट हिटमॅन हार्ट : द बेस्ट देअर इज, द बेस्ट देअर वॉज, द बेस्ट देअर एव्हर विल बी' हा डब्ल्यूडब्ल्यूई (पूर्वीची डब्ल्यूडब्ल्यूएफ) या अमेरिकन कुस्ती-शो कंपनीने नोव्हेंबर 2005 मध्ये काढलेला तीन डीव्हीडींचा सेट. पहिल्या डिस्कवर कॅनडाचा कुस्तीगीर ब्रेट हार्ट याच्या आयुष्यावरची डॉक्युमेंटरी आणि बाकीच्या दोनांवर निवडक मॅचेस. नाव एवढं लांबलचक का, तर ते त्याचंच वाक्य, माइक हातात आला की तो हेच म्हणायचा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळलेत त्यांना गुलाबी-काळ्या कपड्यातला, ओल्या केसांचा, चकाकणारा गॉगल लावलेला हा माणूस लगेच आठवेल. रिंगकडे जाता जाता पुढच्या रांगेतलं एखादं पोर हेरून तो गॉगल त्याच्या डोळ्यांवर स्वतःच्या हाताने चढवायचा.

आता ही काही आपली मातीतली कुस्ती नव्हे, निकाल आधीच ठरलेला असतो. मग भारी मॅच कशाला म्हणायचं? तर समोरच्याला खरोखर न दुखवता, प्रत्येक मार खरा वाटेल असा खायचा आणि द्यायचा, आणि वीस-पंचवीस मिनिटं हजारो लोकांना खुर्चीच्या टोकावर बसवायचं, हे कसब. ब्रेट त्यात उस्ताद होता. कॅनडातल्या कॅल्गरीत वडील स्टू हार्ट यांनी घराच्या तळघरात तालीमच थाटली होती, बारा भावंडांतला हा आठवा, तिथेच तयार झाला. आपल्या हातून कुणी जायबंदी झाला नाही हे तो आजही अभिमानाने सांगतो. त्याचा हुकमी डाव शार्पशूटर : उताण्या पडलेल्या माणसाच्या दोन्ही पायांच्या मधे आपला पाय घालायचा, त्याचे पाय त्याभोवती कैचीसारखे अडकवायचे, त्याला पालथा फिरवायचा आणि पाठीवर बसून मागे रेलायचं. कंबर आणि पाय दोन्ही अडकले, सुटका नाही.

याच डावात त्याचा घात झाला. 9 नोव्हेंबर 1997, कॅनडातलं मॉन्ट्रियल, कंपनीचा सर्व्हायव्हर सिरीज हा मोठा कार्यक्रम. ब्रेट डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत निघाला होता, तेव्हा चॅम्पियन तोच, आणि कॅनडात प्रतिस्पर्धी कुस्तीगीर शॉन मायकल्सकडून चॅम्पियनपदाचा बेल्ट हरायला त्याने नकार दिला होता. शॉनने त्याला शार्पशूटर लावला, ब्रेटने हार मानलीच नव्हती, तरी कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमहनने मॅच संपल्याची बेल वाजवायला लावली. ब्रेट मालकाच्या तोंडावर थुंकला आणि मग बोटाने हवेत डब्ल्यूसीडब्ल्यू ही अक्षरं काढली. पुढे तिकडेही त्याचं बरं झालं नाही, डिसेंबर 1999 मध्ये गोल्डबर्ग या कुस्तीगिराची लाथ डोक्याला बसली, 2000 मध्ये करिअर संपलं, 2002 मध्ये सायकलवरून पडून स्ट्रोक आला.

हे सगळं माहीत असेल तरच या सेटची किंमत कळते. कंपनीने आधी ठरवलेलं नाव होतं 'स्क्रूड' (फसवलेला), म्हणजे सगळा भर त्या एका फसवणुकीवर. ब्रेटच्या मॅचेसच्या टेप्स कंपनीच्या ताब्यात, 2001 मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतल्यावर तिकडच्याही, म्हणजे माणूस आला नसता तरी डीव्हीडी निघू शकली असती आणि त्याचं आयुष्य दुसऱ्यांनीच सांगितलं असतं. ब्रेट आठ वर्षांचा राग बाजूला ठेवून बोलायला बसला, नाव बदललं, गोष्ट त्याच्या तोंडून आली. मला तरी वाटतं की हा त्याचा सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण नाहीतर नवीन पोरांना ब्रेट म्हणजे फक्त मॉन्ट्रियल एवढंच कळलं असतं.

निवडसुद्धा छान आहे, नुसत्या बेल्टच्या मॅचेस भरलेल्या नाहीत. 1986 ची बॉस्टन गार्डनमधली रिकी स्टीमबोटबरोबरची मॅच यात आहे, ब्रेट तेव्हा टॅग टीमवाला (जोडीने लढणारा) खलनायक आणि हरतोसुद्धा, पण इथेच दिसतं की हा एकटाही मोठा होणार. 1989 ची टेक्ससमधल्या ओडेसाची टेड डिबियासीबरोबरची मॅचही तशीच, मोठ्या इव्हेंटमधली नसल्याने बऱ्याच चाहत्यांना ती या सेटमुळेच बघायला मिळाली.

सगळ्यात जड जाते ती 4 ऑक्टोबर 1999 ची, डब्ल्यूसीडब्ल्यूमधली, क्रिस बेन्वाबरोबरची. धाकटा भाऊ ओवेन त्याच वर्षी 23 मे रोजी कॅन्सस सिटीच्या केम्पर अरिनात छतावरून दोराने खाली उतरताना पडून मरण पावला होता, आणि ही मॅच त्याच अरिनात त्याच्या आठवणीत झाली. आरडाओरडा नाही, भांडण नाही, डावाला डाव, पेचाला पेच, शेवटी शार्पशूटर आणि दोघांची मिठी. पुढे 2007 मध्ये बेन्वाने बायको आणि मुलाचा खून करून आत्महत्या केली आणि कंपनीने त्याचं नाव घेणंच जवळपास बंद केलं, त्यामुळे आज ती मॅच बघताना दोन दुःखं एकदम अंगावर येतात.

सेट आला आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल 2006 मध्ये, शिकागोजवळ ब्रेट कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये (मानाच्या यादीत) गेला, त्याला सन्मानाने आत घेतलं कुस्तीगीर स्टीव्ह ऑस्टिनने. 4 जानेवारी 2010 ला तो रॉ या कंपनीच्या टीव्ही कार्यक्रमात परतला आणि त्याच रिंगमध्ये शॉन मायकल्सला त्याने गळ्याशी लावलं. 2013 मध्ये 'द डंजन कलेक्शन' नावाचा आणखी एक सेट निघाला, त्यात तो स्वतः एकेका मॅचची ओळख करून देतो, पण पहिल्यांदा बघणाऱ्याने 2005 च्या सेटपासून आणि तेही बॉस्टनच्या मॅचपासून सुरुवात करावी.