बॅरिकेड आणि टवाळी (इंदूर)

बॅरिकेड (इंदुरी तोंडी 'बेरिकेट') : मोर्चा, धरणे किंवा पुतळादहन अडवायला पोलिसांनी रस्त्यात लावलेला लोखंडी कठडा. शब्द फ्रेंच, पिंपावरून आलेला. १२ मे १५८८ रोजी पॅरिसकरांनी पिंपे रस्त्यात रचून तिसऱ्या हेन्री राजाचे सैनिक अडवले. म्हणजे वस्तू मुळात जनतेची. सरकारजमा झाली ती पुढे.

इंदुरात मोती तबेल्याचे कलेक्टर कार्यालय, रीगल तिराहा आणि राजवाडा या तिच्या सरावाच्या जागा. डिसेंबर २०२१ मध्ये शहरात पोलीस आयुक्त पद्धत आली आणि जमावबंदीचा अधिकार पोलिसांकडे गेला. जुने कलम १४४ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ झाले, पण लोकांच्या जिभेवर अजून 'धारा एकशे चव्वेचाळीस'च.

कठडा छातीइतका उंच, खाली चाके, शेजारच्याशी साखळीने जखडलेला. मधल्या पत्र्यावर बहुधा कुणातरी प्रायोजकाची जाहिरात. बेरोजगारांचा मोर्चा नेमका कोचिंग क्लासच्या पत्र्यावर आदळला, की वेगळ्या घोषणेची गरज उरत नाही. पुढारी मात्र वर चढतो. फोटो तिथूनच चांगला येतो.

अडवलेले लोक मग टवाळीवर येतात. कठड्यालाच निवेदन चिकटवायचे, साहेबांसाठी सद्बुद्धी यज्ञ मांडायचा, खरीखुरी म्हैस आणून तिच्यापुढे बीन वाजवायची. हिंदी म्हणीचा हा प्रयोग मध्य प्रदेशात जुनाच. (मराठीत करायचा तर गाढव आणि गीता आणावी लागेल, आणि गीतेवरून भलताच गुन्हा दाखल व्हायचा.) पुतळादहनात तर पोलीसही नकळत नट होतात : काडी लागण्याआधी पुतळ्याची ओढाताण, एकाच्या हाती धड, दुसऱ्याच्या हाती पाय, पेंढा रस्ताभर. दिल्लीच्या गाझीपूर सीमेवर २०२१ मध्ये पोलिसांनी रस्त्यात खिळे ठोकले, तेव्हा शेतकऱ्यांनी जवळच फुलझाडे लावली. तो विनोद जास्त शांत, म्हणून जास्त बोचरा.

इंदूरला टवाळीची सवय रंगपंचमीने लावली आहे. त्या सुमारास होणाऱ्या बजरबट्टू संमेलनात पुढाऱ्यांची यथेच्छ खिल्ली उडते. पंचमीला गेर (रंग-पाणी उडवत जाणारी मिरवणूक) निघते, राजवाडा ताडपत्रीत गुंडाळला जातो आणि हेच कठडे पुन्हा रस्त्यावर येतात. मोर्च्यावर पाण्याचा मारा झाला की माणसे पळतात. गेरीत तोच मारा चुकू नये म्हणून कठड्याशी रेटारेटी करतात.