पाचव्या वर्षाचं शून्य

‘पहिलं वर्ष निघालं की पोरं रुळतात,’ असं परदेशी शिकायला गेलेल्या मुलांबद्दल आपल्याकडे सर्रास म्हणतात. हे ताडून बघायला एक खुली आकडेवारी आहे. जपानमध्ये, गरम झऱ्यांच्या बेप्पू शहरात, रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठ आहे. तिथल्या 268 विद्यार्थ्यांनी 2018 साली एक प्रश्नावली भरली. त्यांतले 201 परदेशी.

त्यात पीएचक्यू-9 ही नैराश्याची चाचणी होती. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न; ‘अजिबात नाही’ला 0, ‘जवळजवळ रोज’ला 3. बेरीज 10 किंवा जास्त आली तर लक्ष द्यायला हवं. तिसरा प्रश्न झोपेचा आहे. पोराला तिकडे झोप लागत नाही म्हटल्यावर इकडे पत्रिका उघडून साडेसाती बघणारी घरं मला माहीत आहेत. पत्रिका ठेवून द्या, त्याला समुपदेशकाकडे जायला सांगा.

आता परदेशी मुलांची मुक्कामाच्या वर्षांनुसार सरासरी: पहिल्या वर्षी 7.48, मग 8.28, 9.09, 8.57. पाचव्या वर्षी एकदम 0! दहाव्या वर्षी 13.

इथे शेजारचा रकाना वाचायचा: मुलं किती? पहिल्या वर्षाची 95, चौथ्याची 14, पाचव्याचा एक आणि दहाव्याचाही एकच. एकाची कसली सरासरी?

मला सगळ्यात आवडतं ते यापुढचं गणित. सरासरी किती डळमळीत आहे ते काढायला गुणांमधला पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. पसारा 5 गुण धरू. 95 चं वर्गमूळ पावणेदहा, म्हणजे डळमळ अर्ध्या गुणाची. 14 चं पावणेचार, म्हणजे सव्वा गुणाहून जास्त. पहिल्या आणि चौथ्या वर्षातला फरक जेमतेम 1.09 गुणांचा, आणि दोन्ही डळमळींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर या फरकाचीच डळमळ येते 1.4. फरक त्यातच बुडाला. त्यामुळे ‘मुलं रुळतात’ हे इथे दिसत नाही, आणि ‘खचत जातात’ हेही ठरत नाही.

परक्या संस्कृतीत वावरण्याच्या ताणाची सरासरी मात्र 72.8 वरून चौथ्या वर्षी 87.71 वर जाते. घराची ओढ, भेदभाव असे 36 प्रश्न त्यामागे आहेत. या फरकाकडे मी जास्त गांभीर्याने बघतो.

तरीही पहिल्या वर्षाची 95 आणि चौथ्याची 14 ही वेगवेगळी मुलं आहेत. मध्येच कंटाळून घरी परतलेली तर मोजणीत नाहीतच. रुळणं मोजायचं तर प्रवेशाच्या दिवशी प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक द्यावा लागेल आणि दर सत्राला त्याच मुलांना तेच नऊ प्रश्न विचारावे लागतील, सोडून गेलेल्यांनाही.