पक्ष्यांसाठी वर्गणी: नागपुरातल्या मेळाव्यामागची गोष्ट

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वस्तीत पक्ष्यांसाठी वर्गणीचा मेळावा आहे. पहाटे अंबाझरी तलावावर पक्षी पाहायचे, मग तर्री-पोहे, मग मुलांनी काढलेल्या चित्रांची विक्री आणि दाराशी पावतीपुस्तक. पहिलीच पावती फाडायला गेलो तर एका काकांनी विचारलं, ‘गणपतीची वर्गणी समजते भाऊ, पण पाखराईची कायले? त्याईले सरकार पाह्यते ना!’ प्रश्न रास्त आहे. पक्ष्यांसाठीचा पैसा आजवर कुणी दिला, हे पाहिल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

आपल्या भागात पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला तो बंदूक घेऊन. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झालं आणि दोन वर्षांनी अजब बंगला, म्हणजे इथलं वस्तुसंग्रहालय, सुरू झालं. गोरे अधिकारी फिरतीवर जात, पक्षी मारत, त्यांची कातडी भरून ठेवत. रानपिंगळा हा घुबडाच्या जातीतला छोटा पक्षी शास्त्राला माहीत झाला तो असाच, १८७२ मध्ये, याच प्रांताच्या पूर्वेकडच्या जंगलात. १८८४ नंतर तो जणू नाहीसाच झाला आणि थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला. पुढे आपल्या मेळघाटातही सापडला. अजब बंगल्यात काम करणाऱ्या ई. ए. डी’अब्रू यांनी १९३५ मध्ये मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. आज अंबाझरीवर वहीत नोंदी करणाऱ्या पोरांचे ते पूर्वज, असं मी मानतो.

पण खर्च कुणाचा? सरकारी पगाराचा, नाहीतर संस्थानिकांचा. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ही सोसायटी सभासदांच्या वर्गणीवर चालायची, मात्र ते सभासद साहेब किंवा धनिक. खुद्द पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३०च्या दशकात हैदराबादसारख्या संस्थानांत पक्ष्यांची पाहणी केली ती ‘पगार नको, फक्त खर्च द्या’ अशा बोलीवर. पुढे वन्यजीव रक्षणासाठीच्या गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम हाती आली, तेव्हा तीही त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीत घातली.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढच्या वर्षी व्याघ्रप्रकल्प. मेळघाट पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. त्यामुळे जंगल वाचलं, त्यातले पक्षीही वाचले, हे मोकळ्या मनाने मान्य केलं पाहिजे. पण शहरातला तलाव, रस्त्याकडेचा पिंपळ, शेतातली बांधावरची बाभूळ यांच्याकडे त्या मानाने फारसं कुणी पाहिलं नाही. आपल्याला रोज दिसणारे पक्षी तर तिथेच राहतात.

सामान्य माणसाला पक्ष्यांजवळ आणण्याचं श्रेय मी वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींना देतो. सोलापूरचा हा माणूस वनखात्यात ३६ वर्षं राबला, नवेगावबांधच्या तळ्याकाठी रमला आणि निवृत्तीनंतर बरीच वर्षं नागपुरात राहिला. त्यांनी आपल्याला शब्द दिले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’. पारधी, गोंड, ढीवर यांच्या तोंडची पक्ष्यांची नावं त्यांनी आदराने टिपली. नाव कळलं की पक्षी ओळखीचा होतो, आणि ओळखीच्याच्या मदतीला माणूस धावतोच. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. म्हणून २०२० पासून राज्यात या दोन तारखांमधले दिवस पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. आमचा मेळावा त्यातच बसवलाय. जून २०२५ मध्ये चितमपल्ली गेले. त्यांच्याशिवायचा नोव्हेंबर मला अजून सवयीचा झालेला नाही.

मेळाव्याची रीत मात्र थोडी बाहेरून घेतली आहे. कॅनडात १९७६ पासून ‘बर्डाथॉन’ चालतं: एका दिवसात जितक्या जातींचे पक्षी दिसतील, तितक्या पटीत आधी कबूल केलेली रक्कम द्यायची. आम्हीही तेच करणार आहोत, एका जातीमागे दहा रुपये. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे थंडीचे पाहुणे आले, तर देणाऱ्याच्या खिशाला थोडी जास्त झळ बसेल.

आता काकांच्या प्रश्नाकडे. जखमी पक्ष्यांवर उपचार करायला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. पण संक्रांतीला झाडाच्या शेंड्यावर मांजात अडकलेली घार तिथवर नेणार कोण? नायलॉन मांजावर २०१७ पासून हरित लवादाची बंदी आहे, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही तो विषय लावून धरला आहे, तरी फेब्रुवारीत फांद्यांवर दोरा लोंबतोच. तो काढायला लांब बांबू, शिडी, हातमोजे लागतात. मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो तेव्हा मातीची जलपात्रं लागतात. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शाळेत शिकवण्याचा आदेश दिला, पण चाळीस मुलांच्या वर्गात एकही दुर्बीण नसेल तर ते पुस्तकातच राहतं. वर्गणी या तीन गोष्टींसाठी आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाला अशी वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खालची परवानगी लागते, गणेश मंडळांना लागते तशीच. ती आम्ही काढली आहे.

काकांना हे सगळं सांगितलं. ते ऐकत होते, तेवढ्यात त्यांची नात आतून डबा घेऊन आली. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासून नागपुरात तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवतात. यंदाचा तिचा बोजारा डब्यात तसाच होता. तिने तो पायरीवर ओतला आणि सुटी नाणी मोजून घ्यायला लावली. १३० रुपये निघाले. पावती तिच्या नावाने फाडली, आणि काकांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.