लीगमधला रिकामा आठवडा : पार्श्वभूमी

सावंतवाडी-बांद्याकडच्या पोरांना विचारलं की रविवारी फुटबॉलची मॅच आहे का, तर कधीकधी उत्तर येतं, "ह्या आयतवारी आमका बाय आसा." म्हणजे सामना नाही. सराव आहे की नाही, घरी जायचं की मैदानावर यायचं, हे त्या उत्तरात येत नाही. ऐन हंगामात असा आठवडा आला की कोचने नेमकं काय करायचं, हा वाद त्यातूनच सुरू होतो.

'बाय' हा शब्दच आधी सोडवून घ्यायला हवा, कारण त्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. बाद पद्धतीच्या स्पर्धेत बाय म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश. ती चिठ्ठीवर मिळते आणि तिच्यात फायदा असतो. साखळी पद्धतीत संघांची संख्या विषम असली की प्रत्येक फेरीत एक संघ मोकळा राहतो. नऊ संघ असतील तर नऊ फेऱ्या होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक रिकामी फेरी येते. यात फायदा कोणाचाच नाही, कारण सगळ्यांना ती सारखीच मिळते. तिसरा प्रकार आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या खिडकीचा. लीग थांबते, पण चांगले खेळाडू देशाकडून खेळायला जातात आणि कोचच्या हाती अर्धाच संघ उरतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये, जो आपल्या फुटबॉलहून वेगळाच खेळ आहे, १९९० पासून प्रत्येक संघाला हंगामात एक ठरलेला बाय-आठवडा मिळतो. तिथली लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारानंतर त्या आठवड्यात खेळाडूंना सलग चार दिवस सुट्टी देणं बंधनकारक झालं. आपल्याकडे शब्द आला, ही अट आली नाही. त्यामुळे 'बाय' ऐकून खेळाडूला सुट्टी वाटते आणि कोचला जास्तीचा सराव दिसतो. माझ्या पाहण्यातली निम्मी भांडणं एवढ्याच गैरसमजाची आहेत.

युरोपात हा मोकळा काळ आधी हवामानाने दिला. जर्मनीसारख्या देशात बर्फामुळे लीग हिवाळ्यात थांबते. इंग्लंडमध्ये उलट, नाताळच्या दिवसांत सामने अधिक दाटीने होत. कोकणात हे काम पाऊस आणि सण करत आले. जून ते सप्टेंबर जांभ्याची मैदानं चिखलाने बुजतात, तेव्हा मोठा खंड तिथेच पडतो. त्यातच चतुर्थी येते आणि मुंबई-पुण्याला नोकरीला असलेले खेळाडूही गावी येतात. म्हणजे गावात माणसं सर्वाधिक असतात, पण सराव बंद असतो. कार्तिकापासून जत्रा आणि दशावतार, फाल्गुनात शिमगा. या आठवड्यांत सामना ठेवायचा नाही, हे संयोजक न सांगता जाणतात.

जुने कोच अशा आठवड्यात पोरांना किनाऱ्यावर नेत. भरतीची रेषा ओलांडून सुक्या वाळूत फेऱ्या, मग पोहणं, मग घरी. दमसास वाढतो हा विश्वास, आणि तो खोटा नव्हता. वाळूत धावायला कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. पण वाळूत पूर्ण वेग गाठता येत नाही. आठवडाभर वाळूत घाम गाळलेला विंगर, म्हणजे कडेने धावणारा खेळाडू, पुढच्या रविवारी टणक मैदानावर पहिल्यांदा सुसाट सुटतो आणि मांडीमागचा स्नायू धरून खाली बसतो. हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीला नशीब म्हणून सोडून देण्याची सवय इथूनच लागली.

आजची समजूत साधी आहे. आठवड्यातलं सर्वांत मोठं ओझं म्हणजे सामनाच. खेळाडू त्यात दहा-बारा किलोमीटर धावतो, आणि त्यातला थोडाच पण महत्त्वाचा भाग पूर्ण वेगाचा असतो. सामना गेला की तो वेगही जातो. म्हणून रिकाम्या आठवड्यात पहिले तीन-चार दिवस सुट्टी द्यायची, मग मोठ्या अंतरावरच्या वेगवान धावा परत आणायच्या, आणि ज्या दिवशी सामना असता त्या दिवशी त्याच वेळेला आपापसात एक खेळ ठेवायचा. राखीव खेळाडूंना त्यात पूर्ण नव्वद मिनिटं द्यायची, कारण रिकामा आठवडा सर्वांत जास्त त्यांनाच मारतो. सामन्यात भागलेल्यांना विश्रांती हवी असते आणि बाकावर बसलेल्यांना खेळ. एकच वेळापत्रक दोघांना लावलं की कोणातरी एकावर अन्याय होतो.

सुट्टी द्यायची की नाही, हा प्रश्न सगळ्या जगासमोर आला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगने त्या हंगामात पहिल्यांदाच मधली विश्रांती आणली होती. दोन शनिवार-रविवारांत विभागून प्रत्येक क्लबला एक मोकळा मिळणार होता. तेव्हा गुणतक्त्यात अव्वल असलेल्या लिव्हरपूल क्लबने १ फेब्रुवारीला लीगचा सामना खेळला आणि पुढचा १५ तारखेला होता. मधल्या काळात खेळाडूंना घरी पाठवायचं ठरलं होतं. पण २६ जानेवारीला चषक स्पर्धेत तिसऱ्या श्रेणीतल्या एका छोट्या क्लबने त्यांना २-२ असं रोखलं, आणि फेरसामना येऊन पडला तो नेमका ४ फेब्रुवारीला.

लिव्हरपूलच्या कोचने २-२ चा सामना संपताच सांगून टाकलं की मुख्य संघ येणार नाही आणि आपणही येणार नाही. मोकळ्या काळात सामने ठेवू नका असं पत्र लीगनेच आधी पाठवलं होतं, हा त्याचा आधार होता. तरुण संघाच्या कोचने सूत्रं घेतली. सरासरी वय एकोणीस वर्षांच्या आसपास, क्लबच्या इतिहासातला सर्वांत तरुण संघ उतरला आणि प्रतिस्पर्ध्याच्या स्वयंगोलवर १-० जिंकला.

टीका खूप झाली. चषकाचा अपमान, लहान क्लबाचा अपमान, कोचने निदान बाकावर तरी बसायला हवं होतं. लहान क्लबांची बाजू हलकी नाही. मोठ्या मैदानावरच्या फेरसामन्याच्या तिकीटविक्रीवर त्यांचं पुढचं वर्ष चालू शकतं. पण मला त्या कोचचा निर्णय योग्यच वाटतो. खेळाडूला दिलेला शब्द पाळला गेला, आणि तो पाळताना विशीच्या आसपासच्या पोरांना भरगच्च मैदानावर खेळायला मिळालं. कोच स्वतः आला असता तर ती विश्रांती नावापुरतीच राहिली असती.

नंतरचे निकाल दोन्ही बाजूंनी वापरले गेले. विश्रांतीनंतर तो संघ लीगमध्ये दोन सामने जिंकला, युरोपात एक हरला, आणि २९ फेब्रुवारीला ३-० असा हरून लीगमधली ४४ सामन्यांची अपराजित मालिका गमावून बसला. सुट्टीने लय बिघडवली, असं लगेच म्हटलं गेलं. पण लय सुट्टीनेच बिघडली असती तर ती सुट्टीनंतरच्या पहिल्या सामन्यात दिसायला हवी होती, आणि तो तर त्यांनी जिंकला. त्या वर्षीची लीग त्यांनीच जिंकली. पुढे २०२४-२५ च्या हंगामापासून इंग्लंडमध्ये ही मधली विश्रांतीही गेली आणि चषकाच्या मुख्य फेऱ्यांतले फेरसामनेही गेले. वाद होता त्या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या, म्हणजे ओझं कमी झालं असं नाही.

आपल्या किनाऱ्यावर त्याच सुमारास वेगळाच रिकामा आठवडा पाहायला मिळाला. महासाथीमुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ असे दोन हंगाम देशाची मोठी लीग, इंडियन सुपर लीग, संपूर्ण गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथल्या तीन मैदानांवर झाली. जानेवारी २०२२ मध्ये संघांत बाधित सापडू लागले, सामने पुढे ढकलले गेले आणि खेळाडू हॉटेलच्या खोल्यांत बंद झाले. कागदावर हीसुद्धा 'बाय'च. पण सराव नाही, मोकळी हवा नाही, आणि पुढचा सामना कधी हे माहीत नाही. अशा दिवसांतून बाहेर पडलेल्या संघाला थेट पूर्ण सामन्यात उतरवणं धोक्याचं असतं, हे तेव्हा कोच उघडपणे बोलत होते. मोकळा आठवडा कामाचा ठरतो तो आधी ठाऊक असला तरच, हे मला त्या महिन्यात पटलं.

आता वेळापत्रक पुन्हा हलतं आहे. २०२६ पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या दोन आंतरराष्ट्रीय खिडक्या जोडून सोळा दिवसांची एकच ठेवली आहे, २१ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर, चार सामन्यांची. त्या वर्षी चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ला. कोकणातला जो खेळाडू मोठ्या क्लबात आहे पण देशाच्या संघात नाही, त्याला गणपतीसाठी घरी यायला एरवी कधी न मिळणारे दिवस यात मिळू शकतात. त्याच्या कोचने मात्र विसर्जनाची वाट न बघता त्याला गावातल्या मैदानावर दोन-तीनदा पूर्ण वेगाने धावायला सांगून पाठवावं.