चौल-रेवदंडा : बंदर कसं वसलं, कसं ओसरलं

अलिबागहून दक्षिणेला सतरा-अठरा किलोमीटरवर रेवदंडा आणि त्याच्या जरा अलीकडे चौल. आज या जोडगावांची ओळख नारळी-पोफळीच्या वाड्या आणि शनिवार-रविवारची गर्दी एवढीच उरली आहे. हजार वर्षांपूर्वी इथे इराणच्या आखातातली जहाजं नांगर टाकत. हे बंदर का वसलं आणि का बसलं, याचं उत्तर राजवटींच्या यादीपेक्षा कुंडलिकेच्या मुखाशी नीट सापडतं.

कुंडलिका सह्याद्रीतून उतरते आणि भिरा, कोलाड, रोहा करत पश्चिमेला येते. भरतीचं पाणी थेट रोह्यापर्यंत चढतं. मुखाच्या दक्षिणेला कोर्लईचा डोंगर उत्तरेकडे तोंड करून समुद्रात घुसला आहे. पावसाळ्यातले नैर्ऋत्येचे वारे आणि लाटा तो अंगावर घेतो, त्यामुळे आतलं पाणी शांत राहतं. समोरच्या उत्तर काठावर एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी अशा चिंचोळ्या जमिनीवर रेवदंडा आहे आणि त्याच्या मागे, जरा आत चौल.

खोट आहे ती मुखाशीच. नदीचा गाळ आणि समुद्राची वाळू इथे समोरासमोर येतात, प्रवाहाचा जोर मोडतो आणि वाळूचा दांडा साठत जातो. ओहोटीला त्यावर पाणी इतकं उतरतं की भरलेल्या होडीचा तळ टेकावा. म्हणून आत-बाहेर करायचं ते भरती साधून. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पुनवेला-अवसेला बाराच्या आसपास. पंधरवडा बदलला की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. हा हिशेब समुद्रकाठचा. खाडीत वर जाल तशी भरती उशिरा पोचते. पुनव-अवसेच्या उधाणाला पाणी सगळ्यांत जास्त चढतं आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला चढ-उतार दोन्ही कमी, त्यामुळे जड माल घेऊन दांडा ओलांडायला उधाणच बरं. चूक होते ती परतीच्या वेळेत : उधाण उतरू लागलं की पाणी झपाट्याने जातं आणि रेंगाळलेली होडी पुढच्या भरतीपर्यंत वाळूत बसते.

शिडाच्या उथळ गलबतांना ही अडचण परवडणारी होती. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत ‘चेमुल’ म्हणून या गावाचे लोक भेटतात, ते चौलच. इ. स. ९१६च्या सुमारास अरब प्रवासी अल्-मसूदी इथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेल्या आणि इथेच जन्मलेल्या मुसलमानांची वस्ती त्याने सुमारे दहा हजार सांगितली आहे. पुढे घोड्यांचा व्यापार फोफावला. दख्खनच्या फौजांना अरबी घोडे हवेत आणि घाट चढून जुन्नर गाठायला हे बंदर सोयीचं. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात घोडा घेऊन उतरला तो इथेच, आणि पुढे जुन्नरला गेला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे.

खाडीचा स्वभाव लढाईतही कसा आडवा येतो, ते मार्च १५०८मध्ये दिसलं. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदाचा मुलगा लोरेन्सो इथे असताना इजिप्तच्या मामलुकांचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली चालून आलं आणि पाठोपाठ दीवचा सुभेदार मलिक अयाझ याची हलकी जहाजं आली. पोर्तुगीजांनी निघायचं ठरवलं. लोरेन्सोच्या जहाजाला भोक पडून पाणी शिरत होतं; ते वाहत जाऊन मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांमध्ये अडकलं. ओढून काढण्याचा प्रयत्न झाला, पण जड झालेलं जहाज प्रवाहाविरुद्ध हललं नाही. लोरेन्सो तिथेच मारला गेला. तोफा दोन्ही बाजूंना होत्या. माझ्या मते निकाल लावला तो कोळ्यांच्या खांबांनी.

तरी पोर्तुगीज परतले. १५१६मध्ये वखार, १५२१मध्ये अहमदनगरच्या निजामशहाची परवानगी आणि १५२४पर्यंत किल्ला, असा क्रम आहे. निजामशहालाही समुद्रमार्गे घोडे हवेच होते. मग एका खाडीवर दोन गावं झाली : रेवदंडा पोर्तुगीजांचं, वरचं चौल निजामशाहीचं. मुर्तजा निजामशहाने १५७०च्या अखेरीपासून १५७१च्या पावसाळ्यापर्यंत रेवदंड्याला वेढा घातला. तो फसला, कारण समुद्राची बाजू बंद करता आली नाही आणि रसद येत राहिली. पुढच्या बुऱ्हाण निजामशहाला मर्म कळलं होतं. १५९४मध्ये त्याने कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधायला घेतला, म्हणजे मुखावर थेट तोफांचा मारा. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी तो हिसकावला. १६८३मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेलाही रेवदंडा घेता आलं नाही. अखेर वसई पडल्यावर, १७४०च्या तहाने चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं.

तोवर व्यापार बराच निघून गेला होता. १६६८मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, तिथे खोल पाण्याचं बंदर होतं, आणि चौलचे रेशीम विणणारे कारागीरही हळूहळू तिकडे सरकले. जहाजं जसजशी मोठी झाली, तसतसा दांडा जास्त अडवू लागला. चौलच्या ऱ्हासाचा दोष नुसत्या लढायांवर टाकणं मला पटत नाही. लढाया सहन करून हे बंदर शतकानुशतकं चाललं होतं. आंग्र्यांनी अलिबाग वसवलं, पुढे जिल्ह्याचं ठाणंही तिथेच राहिलं, आणि रेवदंडा बाजूला पडलं.

किल्ला बघायचा तर तो वेगळा असा सापडत नाही, कारण गावच तटाच्या आत आहे. रस्ता दरवाजातून जातो, वाड्यांच्या कुंपणाला तटाचा दगड लागतो. फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा ‘सातखणी’ म्हणून ओळखला जातो, पण सातही खण आता उभे नाहीत. समुद्राकडचा तट पायथ्यापासून बघायचा असेल तर ओहोटीची वेळ काढूनच जा. पलीकडे कोर्लई गावात ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली घरात बोलतात, आणि रेवदंड्यात बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉगही आहे.

खाडीचं पाणीही पूर्वीचं राहिलेलं नाही. १९२७पासून मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत येतं, त्यामुळे एरवी उन्हाळ्यात आटणारी नदी वाहती राहते. रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी ही त्याची दुसरी बाजू. त्याचा फटका खाडीतल्या मासेमारीला बसतो. रेवदंड्यासमोर साळावला पोलाद कारखान्याची जेट्टी आहे. मोठी जहाजं आत येत नाहीत. समुद्रात नांगर टाकतात आणि कच्चा माल बार्जमधून भरतीच्या हिशेबाने खाडीत आणला जातो.