रिपोर्टमधलं ‘ईजीएफआर’ आलं कुठून? सुरुवात कोंबडीपासून

नागपुरात धंतोलीत नाहीतर मेडिकल चौकात कॅन्सरच्या पेशंटची फाईल उघडली की हर्टू, ईजीएफआर, केरास असली, गाठीत तपासलेल्या जीनची अक्षरं हमखास दिसतात, आणि नातेवाईक बिचारे विचारतात, भाऊ हे काय असते? (किडनीच्या रिपोर्टमधलं ईजीएफआर वेगळं बरं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

तर १९११ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राऊसने कोंबडीच्या गाठीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की पेशी तर सोडाच बॅक्टेरियाही पलीकडे जाणार नाहीत, अन् तो दुसऱ्या कोंबडीला टोचला तर तिलाही गाठ आली. म्हणजे व्हायरस. त्याचं नोबेल मिळालं १९६६ ला, पंचावन्न वर्षांनी! पण खरा धक्का १९७६ चा, बिशप आणि वार्मस यांच्या टीमला दिसलं की त्या व्हायरसमधला ‘सार्क’ नावाचा जीन निरोगी कोंबडीतही असतोच, व्हायरसने तो तिच्याकडूनच उचलला होता. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे, वाढ पेटवणारा जीन बाहेरून आलेला नाही, घरचाच आहे.

या जीनपासून बनलेलं प्रोटीन करतं काय, तर दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेट चिकटवतं. हे १९७८ ला कळलं पण नेमकं कुठे चिकटवतं ते टोनी हंटर या शास्त्रज्ञाला १९७९ मध्ये सापडलं, तेही आळसामुळे. बफर, म्हणजे प्रयोगातलं द्रावण, ताजं बनवायचा कंटाळा केला, जुनंच वापरलं, त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर उतरला होता, आणि नेमक्या त्या फरकाने एकावर एक बसणारे दोन ठिपके वेगळे झाले. नवा ठिपका टायरोसिनचा, म्हणजे प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यातल्या एकाचा. आज ज्यांना टीकेआय म्हणतात त्या कॅन्सरच्या गोळ्या याच टायरोसिनवाल्या एन्झाइमला अडवतात.

तिकडे स्टॅन्ली कोहेन हा शास्त्रज्ञ वेगळ्याच नादात होता, उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला तर त्यांचे डोळे वेळेआधीच उघडले. त्यातून १९६२ मध्ये ईजीएफ हे वाढीचा निरोप देणारं प्रोटीन निघालं, पुढे पेशीवरचा त्याचा रिसेप्टर, म्हणजे तो निरोप घेणारा, तेच आपलं ईजीएफआर. तोही टायरोसिनवरच फॉस्फेट लावतो हे कळल्यावर कोंबडीची आणि उंदराची गोष्ट एक झाली. मग रिसेप्टरचा निरोप पेशीत आत पोचवणारी रास, राफ, मेक, ईआरके या प्रोटीनची साखळी ९० च्या दशकाच्या सुरुवातीला जुळली. रासचं तर १९८२ मध्येच दिसलं होतं, डीएनएमधलं एक अक्षर बदललं की तो बटण अडकलेल्या डोअरबेलसारखा वाजतच राहतो. पण केरासवरची (रासचाच एक प्रकार) पहिली गोळी यायला २०२१ उजाडलं.

टीकेआय गोळ्यांची पहिली मोठी जीत मात्र ब्लड कॅन्सरमधली, इमॅटिनिब, २००१. आपल्याकडे १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने त्याचं पेटंट नाकारलं म्हणून स्वस्त जेनेरिक टिकलं.

आता नागपूरचा विषय म्हणजे खर्रा, तंबाखू-सुपारीचा, पन्नीवर घोटून दिवसभर गालात धरलेला. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर बहुतेकदा वाढलेलंच असतं, म्हणून लोक विचारतात फुप्फुसाच्या कॅन्सरमधल्या ईजीएफआरच्या गोळ्या याला का नाही चालत? कारण फुप्फुसात त्या गोळ्या चालतात तिथे जीनमध्येच विशिष्ट बदल असतो, तोंडात बहुतेक वेळा फक्त रिसेप्टरची गर्दी असते. तिथे सेटुक्सिमॅबसारखी रिसेप्टरला बाहेरून झाकणारी इंजेक्शनं वापरतात, तीही रेडिएशन किंवा किमोच्या जोडीला, आणि ऑपरेशन होण्यासारखं असेल तर आधी ऑपरेशनच.