बोटाने दाबून पाहायची गोष्ट

फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाची एक श्रीमंत अमेरिकन बाई १९४०च्या दशकात बाहुल्यांची घरं तयार करत असे. खऱ्या खोलीच्या बारा पट लहान खोली, तिच्यात पलंग, भांडीकुंडी, सगळं जागच्या जागी, आणि जमिनीवर मरून पडलेली बाहुली. त्या बाहुलीच्या कातडीचा रंगसुद्धा विचारपूर्वक दिलेला. हार्वर्डला शिकायला येणाऱ्या पोलिसांपुढे या खोल्या ठेवल्या जात. खुनी ओळखा, असं कोणी त्यांना म्हणत नसे. खोलीत काय काय दिसतंय ते नीट बघा आणि सांगा, एवढंच काम. यातल्या अठरा खोल्या आजही बाल्टिमोरला आहेत.

घटनास्थळी न जाता मृत्यूचा तपास शिकवायची ही युक्ती होती. आज ते काम पडदा करतो. त्यामुळे फॉरेन्सिक सायन्स ऑनलाइन शिकून या क्षेत्रात शिरता येईल का, हा प्रश्न अगदी रास्त आहे.

आधी एक घोळ मिटवू. शवविच्छेदन करतो तो डॉक्टर. तिथवर पोहोचायला वैद्यकाची पदवी आणि पुढची अनेक वर्षं लागतात, ती घरबसल्या होत नाहीत. प्रयोगशाळेत रक्त, विष किंवा डीएनए तपासणाऱ्याला मृतदेह बहुधा दिसतही नाही. तिसरा असतो तपासनीस. तो मृतदेह जिथे सापडला तिथे जातो, आजूबाजूचं टिपून घेतो, औषधांच्या बाटल्या पाहतो, घरच्यांशी बोलतो. ऑनलाइन शिकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात असतो तो हा तिसरा.

त्याचं एक साधं काम बघा. हृदय थांबलं की रक्त गुरुत्वाकर्षणाने शरीराच्या खालच्या भागात उतरतं आणि तिथे जांभळट डाग पडतात. याला लिव्हॉर मॉर्टिस म्हणतात. सुरुवातीला डागावर बोट दाबलं की तेवढी जागा फिकी पडते. साधारण आठ ते बारा तासांनी डाग पक्का होतो, मग दाबूनही हलत नाही. माणूस पालथा सापडला आणि पक्के डाग पाठीवर असले, तर मृत्यूनंतर कोणीतरी त्याला उलटवलंय. हा तर्क पडद्यावर उत्तम शिकता येतो, आणि सावकाश, मागे-पुढे करून शिकता येतो, हा फायदाच. पण दाब किती द्यायचा, ‘फिकं पडलं’ कशाला म्हणायचं, हे बोटालाच कळतं.

रंगाचं तर आणखी अवघड. कार्बन मोनॉक्साइडने मेलेल्या माणसाचे डाग जांभळट न दिसता चेरीसारखे लालसर-गुलाबी दिसतात, कारण तो वायू हिमोग्लोबिनला घट्ट चिकटून बसतो. पण देह थंडीत राहिला तरी डाग गुलाबीच दिसू शकतात. आता हा गुलाबी तुमच्या मोबाइलवर एक आणि लॅपटॉपवर दुसराच असेल, तर शिकायचा कुठला?

मृत्यूची वेळ हा मात्र वाचून, आकडेमोड करून शिकण्याचा विषय आहे. मालिकांमधला डॉक्टर देहाकडे नजर टाकून ‘रात्री सव्वादोन’ म्हणतो, ते निव्वळ करमणुकीपुरतं. स्नायूंना ऊर्जा पुरवणारं एटीपी हे रसायन संपलं की ते आखडतात, आणि हा ताठरपणा आधी पापण्या-जबड्यात जाणवतो. पण उकाड्यात तो लवकर येतो आणि लवकर जातो. शरीराचं तापमान, बाहेरचं तापमान आणि वजन यांवरून वेळ काढायची एक आकृती क्लाउस हेन्सगे या जर्मन तज्ज्ञाने बसवली. सगळं अनुकूल असतानाही तिचं उत्तर दोन्ही बाजूंना २.८ तासांनी हलतं, म्हणजे साडेपाच तासांहून मोठा पट्टा. चांगला अभ्यासक्रम कुठला, हे मी याच गोष्टीवरून ठरवेन: तो ही अनिश्चितता शिकवतो की झाकतो?

मृत्यूचं कारण आणि मृत्यूचा प्रकार यांतला फरकही असाच घरी बसून पक्का करता येतो. डोक्याला मार हे कारण. तो पडल्याने लागला, स्वतः उडी मारल्याने की दुसऱ्याने घातल्याने, हा प्रकार. शवविच्छेदनातलं चित्र तिन्ही वेळा बरंचसं सारखं असू शकतं. निवाडा पुष्कळदा ठरतो तो जिन्यावरच्या दिव्यावरून, चपलेवरून, शेजाऱ्याच्या बोलण्यावरून. म्हणून अहवाल स्वच्छ लिहिता येणं ही या कामातली मोठी विद्या आहे. तिचं कौतुक फार कोणी करत नाही.

अमेरिकेत तपासनिसांना प्रमाणपत्र देणारी एबीएमडीआय ही संस्था १९९८पासून आहे. तिच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेला बसण्याआधी प्रत्यक्ष कामाचे ६४० तास दाखवावे लागतात. पडद्यासमोरचे तास त्यात धरत नाहीत. वासाची सवय, हातमोज्यातून जाणवणारा ताठरपणा, आणि ‘त्यांना त्रास झाला असेल का हो?’ असं विचारणाऱ्या बायकोसमोर उभं राहणं, हे सगळं त्या तासांत येतं.

तेव्हा फी भरण्याआधी संस्थेला एकच विचारा: शवागारातले आणि घटनास्थळावरचे तास कुठे मिळतील, आणि त्यावर सही कोण करणार? उत्तराऐवजी माहितीपत्रक आलं, तर पैसे खिशातच ठेवा.